विषण्णतेवरील औषधे : भ्रम आणि वस्तुस्थिती

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



सामाजिक कामात असलेल्या माणसाचा मनोविकारांशी रोजच संबंध येतो; फक्त त्यांवर तसे नाव लिहिलेले नसते. संप मोडल्यानंतर घराबाहेर न पडणारा कामगार, लागोपाठ दोन हंगाम बुडाल्यावर बोलेनासा झालेला शेतकरी, बाळंतपणानंतर तान्ह्या मुलाकडेही न पाहणारी तरुण बाई, रात्री छातीत धडधड होऊन दवाखाना गाठणारा आणि हृदयाचा आलेख निर्दोष निघाल्यावर ओशाळून परतणारा कारकून, ही सर्व माणसे कार्यकर्त्याच्या ओळखीची असतात. अशा एखाद्याला डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या की भोवताली तऱ्हेतऱ्हेची मते उभी राहतात. कोणी म्हणते, या झोपेच्या गोळ्या आहेत, सवय लागेल, टाकून दे. कोणी म्हणते, मेंदूतले रसायन कमी झाले आहे, गोळीने ते भरून निघेल. पुरोगामी वर्तुळात तिसरेही एक मत ऐकू येते : दुःखाचे मूळ दारिद्र्यात आणि अन्यायात आहे, त्यावर गोळी देणे म्हणजे असंतोषाला गुंगी देणे होय.

या तिन्ही मतांत सत्याचा थोडाथोडा अंश आहे आणि तिन्ही अपुरी आहेत. अपुऱ्या मताची किंमत येथे रुग्णाला मोजावी लागते, आणि प्रसंगी ती प्राणाने मोजावी लागते. म्हणून ही औषधे करतात तरी काय, किती करतात आणि कोणाच्या हाती पडतात, याचा शांतपणे विचार करणे अगत्याचे आहे.

दुःख आणि विकार

दुःख हा विकार नव्हे. आप्त गेला, नोकरी सुटली, पीक गेले तर मन खचावे हे स्वाभाविक आहे. परंतु मन उदास राहणे किंवा कशातच गोडी न वाटणे ही अवस्था किमान दोन आठवडे जवळजवळ सर्व काळ टिकली, तिच्या जोडीला झोप, भूक, शक्ती, एकाग्रता ही सर्व ढासळली, 'मी कवडीमोलाचा आहे' असे वाटू लागले, मरणाचे विचार येऊ लागले आणि रोजचे व्यवहार होईनासे झाले, म्हणजे वैद्यकशास्त्र तिला विषण्णतेचा विकार म्हणते. चिंताविकारात कारण नसताना किंवा कारणाच्या मानाने फार मोठी भीती सतत मन व्यापून राहते. काहींना तिचे अचानक झटके येतात. हे दोन विकार पुष्कळदा एकाच माणसात एकत्र नांदतात आणि त्यांवर वापरली जाणारी औषधेही बव्हंशी तीच आहेत.

क्षयरोगाच्या रुग्णालयातून

या औषधांचा जन्म कोणत्याही सिद्धान्तातून झालेला नाही. १९५२ साली न्यूयॉर्कमधील स्टॅटन आयलंडच्या सी व्ह्यू रुग्णालयात क्षयरोग्यांवर आयप्रोनियाझिड या नव्या औषधाचा प्रयोग चालू होता. फुफ्फुसे पोखरलेले रुग्ण अनपेक्षितपणे उत्साही झाले, जेवू लागले, हसू लागले. रुग्णालयात नाचणाऱ्या रुग्णांची छायाचित्रे वृत्तपत्रांत झळकली. क्षयरोगतज्ज्ञांच्या दृष्टीने हा दुष्परिणाम होता. नेथन क्लाइन या मनोविकारतज्ज्ञाने १९५७ साली तोच परिणाम विषण्णतेवरील उपचार म्हणून मांडला. सुमारास त्याच वेळी स्वित्झर्लंडमधील म्युन्स्टरलिंगन येथे रोलंड कून हे डॉक्टर गायगी कंपनीचे एक रसायन स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांना देऊन पाहत होते. त्या विकारावर ते निरुपयोगी ठरले. १९५६ मध्ये विषण्ण रुग्णांना दिले तेव्हा काही आठवड्यांत त्यांच्यात पालट दिसला. हेच इमिप्रामिन. या इतिहासाची दुसरी बाजूही नोंदली पाहिजे : त्या रुग्णालयात रुग्णांना नीट कल्पना न देता वर्षानुवर्षे नवनवी रसायने दिली गेली, असे २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या चौकशीत उघड झाले.

या कथेत मुंबईचाही एक धागा आहे. सर्पगंधा ही आपल्याकडील जुनी औषधी वनस्पती. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या विकारात तिचा गुण पद्धतशीर तपासून १९४९ साली ब्रिटनमधील हृदयरोगविषयक नियतकालिकात निबंध प्रसिद्ध केला आणि जगाचे लक्ष तिच्याकडे गेले. पुढे तिच्यातून रिसर्पिन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले. ते घेणारे काही रुग्ण खिन्न होतात, असे डॉक्टरांच्या दृष्टीस पडले. आणि प्राण्यांवरील प्रयोगांत असे आढळले की रिसर्पिनमुळे मेंदूतील सिरोटोनिन, नॉरॲड्रेनलिन यांसारख्या द्रव्यांचा साठा रिता होतो. उलट आयप्रोनियाझिड त्याच द्रव्यांचा नाश थांबवते. एक द्रव्य साठा रिता करते आणि माणूस खिन्न होतो, दुसरे साठा राखते आणि माणूस उठून बसतो, असे हे जुळणारे चित्र होते. रिसर्पिनमुळे खिन्नता येते ही गोष्ट पुढील तपासात तितकीशी पक्की ठरली नाही. परंतु तोपर्यंत त्या चित्रातून एक सिद्धान्त उभा राहिला होता.

मेंदूत काय घडते

मेंदूतील पेशी एकमेकींना चिकटलेल्या नसतात. त्यांच्यामध्ये अतिसूक्ष्म फट असते. एका पेशीचा निरोप दुसरीकडे न्यायचा तर पहिली पेशी त्या फटीत रासायनिक द्रव्य सोडते. ते दुसऱ्या पेशीवरील ग्राहकांना जाऊन भिडले की निरोप पोचतो. काम झाल्यावर ते द्रव्य फटीत तसेच राहू दिले जात नाही. पहिली पेशी त्यातील बरेचसे परत आत ओढून घेते. ही परत ओढण्याची क्रिया ज्युलियस ॲक्सलरॉड यांनी १९६०च्या सुमारास उलगडून दाखविली आणि १९७० साली त्यांना नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. आत ओढलेल्या द्रव्याचा काही भाग पेशीतील एक विकर मोडून टाकते.

बहुतेक औषधे या दोन ठिकाणी हस्तक्षेप करतात. आयप्रोनियाझिडच्या घराण्यातील औषधे मोडतोड करणाऱ्या विकराला निकामी करतात. इमिप्रामिन, ॲमिट्रिप्टिलिन ही औषधे परत ओढण्याची क्रिया रोखतात. परंतु त्याबरोबर इतरही अनेक ग्राहकांना डिवचतात. त्यामुळे तोंडाला कोरड, बद्धकोष्ठ, झापड हे त्रास होतात आणि एकदम जास्त गोळ्या घेतल्यास हृदयाला जीवघेणा धोका पोचतो. पुढे केवळ सिरोटोनिनचीच परतफेड रोखणारी औषधे निघाली. त्यांतील फ्लुओक्झेटिनला अमेरिकेत १९८७ च्या अखेरीस परवानगी मिळाली. सर्ट्रालिन, एस्सिटालोप्राम ही त्याच जातीची. ही औषधे आधीच्यांपेक्षा अधिक गुणकारी आहेत म्हणून पसरली असे नव्हे. ती अधिक निर्धोक आहेत, सामान्य डॉक्टरालाही देता येतात, म्हणून पसरली.

येथवरचा भाग प्रयोगांनी सिद्ध आहे. वाद सुरू होतो तो त्याच्या पुढे.

१९६५ साली जोसेफ शिल्डक्राउट यांनी नॉरॲड्रेनलिनच्या आणि नंतर इतरांनी सिरोटोनिनच्या कमतरतेचा तर्क मांडला. शिल्डक्राउट यांनी तो सावधपणे मांडला होता. औषधांच्या जाहिरातींनी मात्र त्याचे 'रासायनिक असंतुलन' असे सुटसुटीत घोषवाक्य बनविले. तर्कशास्त्राच्या दृष्टीने त्यात उघड दोष आहे. छत्रीने माणूस कोरडा राहतो, म्हणून पाऊस छत्र्यांच्या टंचाईमुळे पडतो असे कोणी म्हणत नाही. उपायावरून कारण ठरविणे हा तसाच प्रकार होय. जोअना मॉन्क्रीफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ साली आजवरच्या संशोधनाचा आढावा घेतला, तेव्हा विषण्ण माणसांत सिरोटोनिन कमी असते याला सुसंगत पुरावा आढळला नाही. काही अभ्यासकांनी त्या आढाव्यातील निवडीवर आक्षेप घेतले; परंतु 'साठा कमी झाला, गोळीने भरला' इतके साधे स्पष्टीकरण आज कोणताही जाणता मनोविकारतज्ज्ञ देणार नाही.

त्या स्पष्टीकरणाविरुद्ध एक पुरावा प्रारंभापासून डोळ्यांसमोर होता. गोळी घेतल्यावर काही तासांतच परत ओढण्याची क्रिया रोखली जाते. पण मन सावरावयास बहुधा दोन ते चार आठवडे, कधी त्याहून अधिक लागतात. केवळ कमतरताच असती तर ती भरताच रुग्णाला बरे वाटले असते. कालव्याला पाणी सोडले की शेत त्याच दिवशी ओले होते. पीक उभे राहावयाला मात्र आठवडे जावे लागतात. मधल्या काळात मातीत काहीतरी घडत असते. मेंदूतही तसेच घडत असावे असे मानण्यास आधार आहे. प्रारंभी फटीतील सिरोटोनिन वाढले की ते सोडणारी पेशी स्वतःला आवर घालते. हा आवर काही दिवसांनी सैल होतो. पेशींची वाढ आणि त्यांच्यातील जोडण्या पोसणारी प्रथिने अधिक क्रियाशील होतात. उंदरांवरील प्रयोगांत मेंदूच्या स्मृतीशी निगडित भागात नव्या पेशी उगवण्याचे थांबविले, तेव्हा औषधाचे काही परिणामही दिसेनासे झाले, असे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. माणसाच्या बाबतीत हे कितपत लागू पडते याविषयी मतभेद आहेत.

ऑक्सफर्डमधील कॅथरिन हार्मर यांच्या प्रयोगांनी आणखी एक बाजू दाखविली. मनःस्थिती सुधारण्याच्या आधीच औषधामुळे माणसाच्या पाहण्यात सूक्ष्म फरक पडतो. विषण्ण माणसाला भोवतालच्या चेहऱ्यांत नकार आणि नापसंती अधिक दिसते. औषध सुरू झाल्यावर आनंदी चेहरा तो थोडा अधिक सहज ओळखू लागतो. याचा अर्थ लगेच आनंद होतो असा नाही. परंतु रोजच्या अनुभवांतील चांगले काही आता मनापर्यंत पोचू लागते, आणि ते साचत जाऊन आठवड्यांनी मनाचा कल पालटतो. हे खरे असेल तर त्यातून फार महत्त्वाचा निष्कर्ष निघतो : औषध दार किलकिले करते, त्या दारातून आत येण्यासारखे चांगले काही रुग्णाच्या भोवताली असावे लागते.

चिंताविकारातही क्रम असाच असतो. इमिप्रामिनने भीतीचे झटके थांबतात हे डोनल्ड क्लाइन यांनी १९६४ साली दाखविले. धोक्याची चाहूल घेणाऱ्या मेंदूतील केंद्राचा भडका या औषधांनी हळूहळू मंदावतो. मात्र पहिल्या काही दिवसांत अस्वस्थता उलट वाढू शकते. म्हणूनच डॉक्टर अल्प मात्रेपासून सुरुवात करतात. लिब्रियम, व्हॅलियम या १९६०च्या दशकातील गोळ्यांनी अर्ध्या तासात बरे वाटते, परंतु त्यांची सवय लागते. 'झोपेच्या गोळ्यांची सवय' ही समजूत मूळची त्या गोळ्यांची; ती सरसकट विषण्णतेवरील औषधांना चिकटली.

गुण किती?

आता मोजमापाकडे वळू. २०१८ साली लॅन्सेट या नियतकालिकात अँड्रिया चिप्रियानी आणि सहकाऱ्यांनी २१ औषधांवरील ५२२ चाचण्यांचे, म्हणजे १ लक्ष १६ हजारांहून अधिक रुग्णांचे, एकत्रित विश्लेषण केले. सर्व २१ औषधे नकली गोळीपेक्षा सरस ठरली. पण हा सरसपणा माफक होता. ढोबळ मानाने, औषध घेणाऱ्या १०० रुग्णांपैकी सुमारे ५० जणांना लक्षणीय उतार पडतो, तर नकली गोळी घेणाऱ्यांपैकी ३५ ते ४० जणांना. अर्थात बराचसा गुण हा काळाचा, आशेचा आणि कोणीतरी लक्ष घातल्याचा असतो. अर्व्हिंग कर्श यांनी २००८ साली असे प्रतिपादन केले की नकली गोळीच्या तुलनेत औषधाचा ठळक लाभ अतितीव्र विकारातच दिसतो. हा वाद संपलेला नाही. तथापि गंभीर आजारी माणसाला औषधाविना ठेवावे असा अर्थ त्यातून काढणे घातक होईल. बरे झाल्यानंतर औषध चालू ठेवण्याचाही उपयोग आहे : इंग्लंडमधील २०२१च्या चाचणीत वर्षभरात गोळी चालू ठेवणाऱ्यांपैकी ३९ टक्क्यांना, तर हळूहळू बंद करणाऱ्यांपैकी ५६ टक्क्यांना विकार उलटला. हाच आकडा दुसऱ्या बाजूने वाचला तर, बंद करणाऱ्यांपैकी ४४ टक्के वर्षभर सुखरूप राहिले.

या आकड्यांवर कितपत विसंबावे, हा अर्थशास्त्राचा प्रश्न आहे. केनेथ ॲरो यांनी १९६३ साली दाखविले की आरोग्यसेवेचा बाजार इतर बाजारांसारखा चालत नाही, कारण विकणाऱ्याला जे ठाऊक असते ते घेणाऱ्याला नसते. येथे तर डॉक्टरही घेणाऱ्याच्याच बाजूला उभा होता. एरिक टर्नर यांनी २००८ साली १२ औषधांच्या ७४ चाचण्यांची अमेरिकन सरकारकडील कागदपत्रे तपासली. अनुकूल ठरलेल्या ३८ चाचण्यांपैकी ३७ प्रसिद्ध झाल्या होत्या. प्रतिकूल किंवा संदिग्ध ३६ पैकी २२ प्रसिद्धच झाल्या नव्हत्या आणि ११ अनुकूल भासतील अशा रीतीने छापल्या गेल्या होत्या. म्हणजे नियतकालिके वाचणाऱ्याला ९४ टक्के चाचण्या यशस्वी दिसत. वस्तुतः तसा आकडा ५१ टक्के होता. ग्लॅक्सोस्मिथक्लाइन या कंपनीने पॅरॉक्सेटिन हे औषध मान्यता नसता मुलांसाठी खपविले. त्यासह इतर औषधांविषयीच्या गैरप्रकारांबद्दल तिला २०१२ साली अमेरिकेत ३ अब्ज डॉलर मोजावे लागले. औषध माफक गुणाचे आहे, हे सांगूनही ते विकता आले असते. परंतु माफक गुणाच्या मालाला मोठी बाजारपेठ मिळत नाही.

जपावयाच्या गोष्टी

पहिल्या आठवड्यांत मळमळ होते, कारण शरीरातील बहुतांश सिरोटोनिन आतड्यांत असते. पुष्कळांची कामेच्छा मंदावते; संकोचामुळे रुग्ण हे बोलत नाही आणि गुपचूप गोळी सोडतो. मुले आणि २४ वर्षांपर्यंतचे तरुण यांच्यात प्रारंभीच्या काळात आत्महत्येचे विचार वाढू शकतात. अमेरिकेत २००४ साली मुलांबाबत आणि २००७ साली तरुणांबाबत तसा इशारा वेष्टनावर छापणे सक्तीचे झाले. ज्याला पूर्वी कधी अतिउत्साहाचे झटके येऊन गेले असतील त्याने ते डॉक्टरांना सांगितलेच पाहिजे, कारण केवळ हीच औषधे दिल्यास तो झटका पुन्हा उसळू शकतो. गोळी एकाएकी बंद केल्यास चक्कर, विजेच्या झटक्यासारख्या संवेदना, बेचैनी असे त्रास होतात. मद्यासारखी ओढ या औषधांची लागत नाही, हे खरे. पण शरीर त्यांना सरावते, हेही खरे. हे त्रास तीव्र आणि दीर्घ असू शकतात हे ब्रिटनमधील मनोविकारतज्ज्ञांच्या संस्थेने २०१९ साली मान्य केले. म्हणून बंद करावयाची तर डॉक्टरांच्या सल्ल्याने, मात्रा पायरीपायरीने उतरवूनच करावी.

गोव्याचा आणि विदर्भाचा धडा

'दुःखाचे मूळ समाजात आहे' या मताचे काय? त्यात तथ्य आहे. सायन्स या नियतकालिकातील २०२० च्या एका आढाव्यात असे दाखविले आहे की समाजातील सर्वांत गरीब थरात विषण्णता आणि चिंताविकार सुखवस्तू थराच्या दीडपट ते तिप्पट आढळतात, आणि गरिबांच्या हाती थेट पैसा दिल्याने हे विकार कमी होतात. परंतु त्याच आढाव्याने उलट दिशाही दाखविली : विकारामुळे माणसाची कमाई घटते, आणि उपचारामुळे त्याची काम करण्याची शक्ती वाढते. गरिबीमुळे पाय मोडला म्हणून त्यावर प्लास्टर घालू नये असे कोणी म्हणत नाही. ज्याला अंथरुणातून उठवत नाही तो मोर्चात कसा येणार?

गोव्यात झालेल्या चाचण्या या दृष्टीने मननीय आहेत. डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या चाचणीत सामान्य रुग्णालयातील ४५० रुग्ण घेतले होते. दोन महिन्यांनी स्वस्त फ्लुओक्झेटिन नकली गोळीपेक्षा सरस ठरले. त्या वेळी वापरलेला मानसोपचार मात्र ठरला नाही. यावरून मानसोपचार कुचकामी असे मानून ते थांबले नाहीत. २०१० सालच्या चाचणीत त्यांनी स्थानिक, डॉक्टर नसलेल्या प्रशिक्षित समुपदेशकांना प्राथमिक आरोग्यसेवेत बसविले आणि गरजेनुसार औषधाची जोड दिली. सरकारी आरोग्य केंद्रांत याचा स्पष्ट लाभ दिसला. खाजगी दवाखान्यांत तसा फरक आढळला नाही. २०१७ सालच्या चाचणीत समुपदेशकांनी रुग्णाला पुन्हा लहानलहान कामांकडे आणि माणसांकडे वळविण्याचा सोपा कार्यक्रम राबविला. तीव्र विषण्णता असलेल्यांपैकी ६४ टक्के सावरले. नेहमीच्या उपचारांत हे प्रमाण ३९ टक्के होते. अमरावती जिल्ह्यातील ३० खेड्यांत झालेल्या 'विश्राम' या प्रकल्पात तर गावातल्याच कार्यकर्त्यांनी घरोघर बोलणे सुरू केल्यावर विषण्ण माणसांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. सल्ला, आधार आणि आवश्यक तेथे औषध, अशी ती साखळी होती.

राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीने (२०१५-१६) दाखविले की विषण्णता असलेल्या दर शंभरांतील सुमारे ८५ जणांना उपचारच मिळत नाहीत. हा प्रश्न औषधाच्या किंमतीचा कमी आणि पोचण्याचा अधिक आहे. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या वस्तूवर एकाधिकार नाकारून केवळ ते बनविण्याच्या पद्धतीवर अल्प मुदतीचे पेटंट ठेवले. त्यामुळे फ्लुओक्झेटिनचे पेटंट अमेरिकेत २००१ पर्यंत जिवंत असतानाही ते भारतात स्वस्तात बनत होते. २००५ साली कायदा बदलला. परंतु जुनी, पारखलेली औषधे पेटंटच्या बाहेरच आहेत. फ्लुओक्झेटिन, ॲमिट्रिप्टिलिन आणि एस्सिटालोप्राम आपल्या आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहेत. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार अशा यादीतील औषधे सामुदायिक आरोग्य केंद्रापासून वरच्या सर्व सरकारी संस्थांत रुग्णाला विनामूल्य मिळाली पाहिजेत. कायद्याने दिलेला हा हक्क तालुक्याच्या रुग्णालयातील औषधाच्या खिडकीवर प्रत्यक्षात मिळतो की नाही, हे तपासणे कोणाही कार्यकर्त्याच्या आवाक्यातील काम आहे. साठा नसेल तर लेखी उत्तर मागावे आणि ते उत्तर घेऊन पुढे जावे.

दुसरे काम त्याहून साधे आणि त्याहून अवघड आहे. गोळ्या सुरू झालेल्या माणसाच्या घरी दुसऱ्या आठवड्यात, म्हणजे गुण अजून आलेला नसतो आणि त्रास मात्र सुरू झालेला असतो अशा वेळी, कोणीतरी जाऊन बसले पाहिजे. गोळी टाकून दे असेही त्याला सांगू नये, आणि गोळीने सारे ठीक होईल असेही सांगू नये. मरणाचे विचार येतात का, हे सरळ विचारावे. विचारल्याने ते विचार बळावतात ही समजूत खोटी आहे. उत्तर होकारार्थी आले तर त्याला एकटे न सोडता त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. घरातील कीटकनाशकाचा डबा हलवावा. आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा जावे.